बुटातली माती

राजूरच्या मागे खाणीनं उपसलेल्या मातीचे डोंगर आहेत. कोळसा काढायचा तर वरची माती कुठं तरी टाकावीच लागते. ती टाकून टाकून हे डोंगर झाले. तिथं पाखरू बसत नाही आणि शहाणं माणूस मे महिन्यात तिकडं फिरकत नाही. पण हजराबीची नात कशफ ऐन मे महिन्यात, उन्हं डोक्यावर आली की, पाठीला पाण्याच्या बाटल्या बांधून त्यातल्या सगळ्यात उंच डोंगरावर धावत चढायची, धावत उतरायची आणि पुन्हा चढायची.

कशफ वणीच्या एका शाळेत खेळ शिकवायची. नोव्हेंबरात तिला जॉर्डन देशात धावायला जायचं होतं. तिथं वाळवंटात एक खोल दरी आहे म्हणे. दोन्ही अंगांना तांबडे कडे आणि तळाला नुसती रेती. स्वतःचं पाणी पाठीवर घेऊन त्या रेतीतून, त्या कड्यांवरून, दिवस मावळून पुन्हा उजाडेपर्यंत धावायचं. त्याची तयारी डांबरी सडकेवर होत नाही. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरलं पाहिजे, आणि ऊन अंगात मुरलं पाहिजे. तशी जागा जवळपास हीच एक होती.

"एकटी पोरगी तिकडं जाईन तं लोक काय म्हणतीन?" तिचा बाप परवेज म्हणाला. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. त्याला लोकांची फार काळजी.

"मी जातो तिच्यासंग," हजराबी म्हणाली. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरत होते. पण छत्री घेऊन ती स्कूटीवर मागं बसलीसुद्धा.

नाल्यावरचा जुना दगडी रपटा, पाण्यालगतचा तो बुटका पूल, आला आणि हजराबीनं नातीचा खांदा घट्ट धरला. "थांब."

नाला तोच होता. वळण तेच. ह्या रपट्याच्या अलीकडं तिचं माहेर होतं, चिंचपार. वीसेक वर्षांपूर्वी खाणीसाठी गाव उठलं. घरांना मोबदला मिळाला, देवळाला आणि मशिदीला नवी जागा मिळाली. रपट्याच्या पलीकडं पळसाच्या रांगेआड कब्रस्तान होतं. त्याचा विषय मोबदला देणाऱ्यांनी काढला नाही आणि घेणाऱ्यांनी विचारला नाही. जिवंत माणसं सामान बांधण्यात गुंतलेली. मागून ट्रक आले आणि कब्रस्तानावर माती पडत गेली, तिचाच हा उंच डोंगर झाला.

त्या मातीखाली हजराबीची माय होती.

माय गेली तेव्हा हजराबी नवी सासुरवाशीण होती. बैलगाडीतून उतरली ती जनाज्यामागं धावत सुटली. ह्याच रपट्यावर मामूनं हात आडवा केला. "बाईमाणसानं पुढं यायचं नसते, बेटा." गावची रीतच होती ती. पुरुषांनी कबरीत तीन-तीन मुठी माती टाकली. हिनं लांबून त्यांच्या पाठी पाहिल्या. पुढं माहेरी आली की रपट्यावर उभं राहायचं, तिथूनच सलाम करायचा आणि परत फिरायचं. उभ्या जन्मात मायच्या कबरीपाशी ती एकदाही गेली नव्हती.

आता कब्रस्तानच राहिलं नव्हतं, तर अडवणार कोण?

हजराबीनं चपला काढून हातात घेतल्या आणि रपटा ओलांडला.

"दादी, पाय भाजतील ना!"

"भाजू दे. तू धाव."

कशफ चढू लागली तशी हजराबी डोंगराच्या पायथ्याशी वाकली. उजव्या हातानं माती उचलली आणि तिथंच टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. माणसं तीन मुठी टाकतात, खाणीनं ट्रकच्या ट्रक ओतले. तिची मूठ मात्र आज पडत होती.

मग रोजचंच झालं. छत्रीखाली बसून ती कबरवाल्यांना सलाम पुटपुटायची. कशफला वाटायचं, दादी आपल्यासाठी दुआ मागते. "तुझ्या दुआनं पाय हलके होतात," ती हसून म्हणायची. हजराबी "धाव" एवढंच म्हणायची. मातीखाली कोण आहे ते सांगितलं तर पोरगी दुसऱ्या दिवशी यायची नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि पोरगी आली नाही तर म्हातारीला इथं कोण आणणार होतं?

घरी गेल्यावर नातीचे बूट हजराबीच झटकायची. मूठभर माती निघायची. ती मोरीत न टाकता अंगणातल्या मेंदीच्या झाडाच्या बुडाशी टाकायची. बेचव, राखाडी माती, जमिनीच्या पोटातली. मायच्या अंगाला लागलेली ती नव्हे, हे कळत होतं तिला. तरी टाकायची.

एक दिवस शेळ्या हाकत सदाशिवराव आले. चिंचपारचेच, लहानपणी हजराबीसोबत चिंचा पाडलेले.

"अवो हजरा! अजून हायेस काय तू?"

"तुले नेल्याशिवाय कशी जाईन, भाऊ?"

"मग थांब. माह्या बकऱ्या इकाच्या हायेत अजून." ते खो खो हसले. तेवढ्यात कशफ धापा टाकत उतरली. तिच्याकडं कौतुकानं पाहत ते म्हणाले, "नात व्हय? चांगलं केलं बापा, आजीले तिच्या मायच्या भेटीले आणते. तुमचं कब्रस्तान याच मातीखाली गेलं. कोणी नाव नाही घेत आता."

कशफच्या हातातली बाटली ओठाशीच थांबली. ती डोंगराकडं पाहू लागली, मग आपल्या बुटांकडं. ते गेल्यावर म्हणाली, "दादी, तू मला त्यांच्या अंगावर धावू दिलं?"

"ट्रक चढले तवा कोणी बूट काढले? तू फुलासारखी, तुयाच भार होते काय त्यायले? धाव तू. तुले तिकडं जाचं हाय ना?"

"मी नाही धावणार इथं. कधीच नाही."

तिनं बूट काढले आणि अनवाणीच स्कूटीपर्यंत चालत गेली. पोरगी गुणाचीच. तेच तर वाईट झालं.

संध्याकाळी परवेजला कळलं. फडक्यानं हाताचं ग्रीस पुसत तो म्हणाला, "अम्मी, आता तिकडं जाचं नाही. कब्रस्तान व्हय ते. बाया जात नाहीत तिथं."

हजराबी त्याच्याकडं वळली. "ट्रक जाते रोज. तवा नोतं काय कब्रस्तान?"

"खाणीवाल्याशी कोण भांडन?"

"माह्याशी भांडता येते, नाही?"

परवेजनं फडकं खांद्यावर टाकलं आणि तो दुकानाकडं गेला.

कशफ आता वणीच्या सडकेवर धावते. पाय रेतीला तयार होत नाहीत, ती स्वतःच म्हणते. "पाहू," म्हणते, आणि मग विषय बदलते. नाल्याकडं स्कूटी वळत नाही. हजराबीची छत्री खुंटीला टांगलेली आहे.

काल कशफनं बूट दाराशी काढले. हजराबीनं सवयीनं एक उचलला, मेंदीपाशी नेला, उलटा करून त्याच्या तळावर हात आपटला. पुन्हा आपटला. मग दुसरा घेतला.

काहीच पडलं नाही.