सोडलेली म्हैस

भिवाने कमलाकाकींच्या पडलेल्या गोठ्याच्या चिखलातून खुंटा उपटला आणि त्याला गुंतलेला दाव्याचा तुकडा पुराच्या नुकसानीचा पंचनामा करायला आलेल्या तलाठी मनस्विनीच्या नाकासमोर धरला.

"ह्यो बघा मॅडम, कोयत्यान कापलेला. सगल्या वाडीची जनावरा म्या एकट्यान सोडली."

गेल्या आठवड्यात शास्त्री नदी वाडीत शिरली, तेव्हा माणसं वर देवळाकडे पळाली आणि भिवा तेवढा उलटा फिरला. गोठ्यामागून गोठे त्याने मोकळे केले. पोहत गेलेली जनावरं पाणी ओसरल्यावर एकेक करून परत आली, भिवाची म्हैसही आली. वाडीने भिवाला डोक्यावर घेतलं, आणि तोही काही लवकर खाली उतरायला तयार नव्हता. आली नाही ती फक्त कमलाकाकींची म्हैस. काकी एकट्या, आणि घर चालत होतं ते त्याच म्हशीच्या दुधावर.

मनस्विनीचं पेन थांबलं.

"सोडली होती? मग ती हरवली असं धरतात. मेली याला पुरावा नाही. मदत नाही मिळायची."

"आनि बांधलेली मेली असती तर?"

"तर मिळाली असती."

भिवा हसला. दुसरं कोणी हसत नाही हे पाहून गप्प झाला.

मनस्विनी काही दगडाच्या काळजाची नव्हती. म्हैस दावणीलाच होती, गोठा कोसळला आणि त्याच्यासकट वाहून गेली, असं कोणी पंच म्हणून सांगितलं तर कागद पुढे जाईल, असं ती हलक्या आवाजात म्हणाली.

भिवाने खुंटा पाठीमागे नेला. आजवर वाडीत त्याला कोणी कामाचा म्हटलं नव्हतं. आता कुठे म्हणू लागले होते, तर ते आपल्याच तोंडाने पुसायचं. त्याला फार वाईट वाटलं.

"लिवा मॅडम," तो म्हणाला. "काकींच्या गोठ्यापरयंत मी पोचलोच नाय. म्हस बांधलेलीच व्हती."

एवढा वेळ पायरीवर बसून असलेल्या काकी उठल्या.

"मेल्या, खोटं बोलायला लाज नाही वाटत? छातीभर पाण्यात माझ्या गोठ्यात शिरलास तू. मी वरून हाका मारत होते, राहू दे रे, माघारी ये, म्हणून."

"काकी, पैशे मिलतील..."

"न मिळोत. माझी म्हैस खुंट्याला गुदमरून मेली असं मी लिहून देणार नाही. सुटली ती. पुढचं तिचं नशीब." त्या मनस्विनीकडे वळल्या. "लिही गो बाय. भिवाने सोडली. त्याचं नाव घाल, बापाच्या नावासकट."

"काकी, विचार करा. नंतर बदलता येणार नाही."

"म्हणूनच सांगत्ये."

भिवाने बापाचं नाव सांगितलं. मनस्विनीने ते लिहून घेतलं, सही केली आणि ती पुढच्या घराकडे गेली.

काकींनी पदराने तोंड पुसलं. अर्ध्या वाडीला दूध घालणारी बाई ती, क्षणभर अंगणातच घुटमळली.

"भिवा, उद्यापासून अर्धा लिटर दूध घालत जा माझ्याकडे."

"घालीन की, काकी. त्यात काय..."

"पाणी न घालता. आणि पैसे घेशील."

'नको' हा शब्द भिवाच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने काकींकडे पाहिलं. त्यांची मान ताठ होती.

"घेईन," तो म्हणाला. "महिन्याच्या महिन्याला."