केर्माला जायचंच

ही गोष्ट २०२३ सालच्या जानेवारीतली. साल एवढ्यासाठी सांगायचं, की त्याच वर्षी एप्रिलात सुदानमध्ये लढाई पेटली आणि मग तिकडे कुणालाच जाता येईना. सुचित्राबाई तिथे गेल्या त्या अगदी शेवटच्या थंडीत. अर्थात त्यांना ते काही ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते फक्त आपल्या डोळ्यांचं.

तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. नवरा गेल्यावर पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन सिंगापूरच्या मरीन परेडला मुलाकडे, शैलेंद्रकडे आल्या, त्याला सहा वर्षं झाली होती. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. उजव्या डोळ्यात मधोमध डाग आलाच होता, डाव्याला वर्ष, फार तर दीड वर्ष. "चालता-फिरता येईल, माणसं ओळखू येतील," डॉक्टर समजूत घालत म्हणाल्या. "बारीक रेघ तेवढी दिसणार नाही."

रेघ तेवढी! सुचित्राबाईंचा सगळा जन्म त्या रेघेवर गेला होता. पुण्याच्या एका पुरातत्त्व संस्थेत बत्तीस वर्षं त्या ड्राफ्ट्समन होत्या. बाई असल्या तरी पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. उत्खननात निघालेल्या मडक्यांची चित्रं काढणं हे काम. त्याची एक रीत असते. कागदावर मधोमध उभी रेघ मारायची. रेघेच्या डावीकडे मडकं उभं कापलं तर आतून कसं दिसेल ते काढायचं, जाडी मोजून. उजवीकडे ते बाहेरून दिसतं तसं.

विदर्भात दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, जुन्या लोकांची दफनं. त्यांत निघालेली काळी-तांबडी मडकी सुचित्राबाईंनी शेकड्यांनी काढली होती. काठ काळा, पोट तांबडं. त्यांचे साहेब चंद्रशेखर सर म्हणायचे, की अशीच मडकी आफ्रिकेत न्युबियाच्या वाळवंटात, नाइलकाठच्या केर्मा गावी सापडतात, तेव्हा या दोन लोकांचा काहीतरी संबंध असणार. सरांनी त्यावर मोठा निबंध लिहिला. चित्रं सुचित्राबाईंची, नाव सरांचं.

ती चित्रं काढताना १९८१ साली सुचित्राबाईंनी एकच विचारलं होतं. "सर, केर्माच्या मडक्यांचे फोटो सगळे बाहेरूनच आहेत. आतून ती कशी आहेत?"

"बाई, तुम्ही रेघ मारा," सर म्हणाले. "अर्थ लावायला आम्ही आहोत."

खोलीतले सगळे हसले. सुचित्राबाईही हसल्या. ते हसणं त्यांना बेचाळीस वर्षं बोचत होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर पहिल्याच रविवारी, सून मधुवंतीने केलेल्या थालीपिठावर लोणी घेता घेता त्यांनी सांगून टाकलं, "मी जानेवारीत सुदानला जाणार आहे."

"कुठे?" शैलेंद्रने विचारलं.

"सुदानला. केर्माला. वाळवंटात एक जुनी जागा आहे."

"आजी, स्टेडी लाह!" नात मैत्रेयी सिंगापुरी शाबासकी देत ओरडली. तिची परीक्षा संपलेली, नोकरी मार्चपासून.

"मैत्रेयी, गप्प बस," शैलेंद्र म्हणाला.

शैलेंद्र रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होता. लोकांना कर्ज देण्यात किती धोका आहे हे मोजायचं त्याचं काम. संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन आईसमोर बसला. त्याने चक्क एक तक्ता केला होता. वय, डोळे, गुडघा, विमा, जवळचं हॉस्पिटल, सरकारची स्थिती. तेवीस घरं, त्यातली एकोणीस लाल.

"आई, इतकं लाल आमच्याकडे कुणी पुढे पाठवत नाही."

"मग रंग बदल."

"तुला ती मडकीच बघायचीत ना? लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. बिझनेस क्लासने नेतो."

"काचेआड आहेत रे. मला मडक्याच्या आत बोट घालायचंय."

त्याने लॅपटॉप मिटला. पण तो आईचाच मुलगा. चार दिवसांनी त्याने एका मराठी कंपनीची ज्येष्ठ नागरिकांसाठीची इजिप्त टूर परस्पर बुक केली. नाइलवर बोट, बरोबर मराठी आचारी, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. "त्यातही न्युबिया आहे," तो कौतुकाने म्हणाला, "अबू सिंबेल!"

"ते राजाचं देऊळ. मला कुंभाराचा हात बघायचाय. आणि खिचडी मधू घरी करतेच की."

त्यांनी टूरवाल्यांना स्वतः फोन करून आपलं नाव काढून टाकलं. मग सुदानच्या एका लहानशा कंपनीशी मैत्रेयीच्या मदतीने पत्रव्यवहार केला, पेन्शनमधून पैसे भरले. आता हवा होता पासपोर्ट. आणि तो घरात नव्हता.

आपल्या लोकांत परदेशी एक पद्धत पडून गेली आहे. घरादाराचे पासपोर्ट एका फाइलमध्ये आणि ती फाइल घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. हरवायला नको म्हणून. शैलेंद्रची फाइल निळी होती. ती कपाटातून नाहीशी झालेली.

"ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवलीय," सून मधुवंती खाली बघत म्हणाली. "तुमच्या व्हिजिट पासचं रिन्यूअल आहे म्हणतात."

"ते सप्टेंबरात आहे, मधू."

"मला माहितीये, आई."

मंगळवारी सुचित्राबाईंनी इस्त्रीची साडी नेसली, बस पकडली आणि त्या रॅफल्स प्लेसला मुलाच्या बँकेत जाऊन दरवाजासमोरच्याच सोफ्यावर बसल्या. जेवणाची वेळ. लिफ्टमधून माणसांचे लोंढे बाहेर पडत होते. सिक्युरिटीचा माणूस अदबीने जवळ आला, "आंटी, कुणाला भेटायचंय?"

"मिस्टर शैलेंद्र दाबके. त्यांना सांगा, त्यांची आई पासपोर्ट मागायला आलीय. मिळेपर्यंत बसणार आहे."

शैलेंद्र खाली आला तो एकटा नव्हता. बरोबर त्याच्या हाताखालचा निहार होता, पुण्याचा पोरगा. तो वाकून नमस्कार करायला लागला. "काकू, इकडे कशा?"

"पासपोर्ट न्यायला आले. तुझ्या साहेबांनी माझा लॉकरमध्ये ठेवलाय. काय रे, तुझ्या आईचा कुणाकडे असतो?"

"बाबांकडे," निहार म्हणाला आणि आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"आई, घरी बोलू," शैलेंद्र दबक्या आवाजात म्हणाला.

"घरी बोलून झालं. तू घे ना वेळ. मी डबा आणलाय."

आणि त्यांनी खरोखरच पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला. शैलेंद्रने निहारला पुढे पाठवलं आणि तो आईशेजारी बसला. मग तो म्हणाला, "तुला तिकडे काही झालं तर मी काय करू?"

"रडशील. मग कामाला जाशील. तुझे बाबा गेले तेव्हा मीही तेच केलं." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "शैलू, वर्षभराने मी इथेच असेन, पण हे डोळे नसतील. मग मला लंडनला ने नाहीतर चंद्रावर. जा, फाइल आण."

तो वर गेला आणि फाइल घेऊन आला. मैत्रेयीने बरोबर जायचं एवढी एकच अट त्याने घातली. सुदानच्या कंपनीच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही हवी होती, ती मधुवंतीने केली. नवऱ्याला न विचारता.

राजधानी खार्टुमहून निघाल्याच्या चौथ्या दिवशी त्या वाळवंटात होत्या. मेरोएचे टोकदार पिरॅमिड झाले, बर्कलचा डोंगर झाला. मैत्रेयीने हजारेक फोटो काढले. सुचित्राबाई सगळं बघत होत्या, पण लग्नाला गेलेल्या माणसाने मांडवाची सजावट बघावी तसं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट पिवळी वाळू, मधूनच काळे दगड, आणि वारा असा, की बोलायला तोंड उघडलं तर दातांखाली कचकच.

गाडी चालवणारा इद्रिस पन्नाशीचा, केर्माजवळच्याच खेड्यातला न्युबियन. जेद्दाच्या गॅरेजमध्ये आठ वर्षं उत्तर प्रदेशातल्या लोकांबरोबर राहिल्यामुळे त्याचं हिंदी सुचित्राबाईंपेक्षा फर्डं होतं. तो त्यांना अम्मा म्हणे.

केर्मा दोन तासांवर असताना मोबाइलला रेंज आली आणि इद्रिसचा फोन वाजला. त्याने गाडी थांबवली, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला, परत येऊन मुकाट्याने गाडी उलटी वळवली.

"काय झालं?"

"कंपनीचा हुकूम, अम्मा. खार्टुममध्ये मोर्चे निघालेत, पूल बंद केलेत. तुमच्या मुलाने सिंगापूरहून फोन केला होता. तुम्हाला लगेच परत न्यायचंय."

"परत कुठे?"

"खार्टुमला."

"म्हणजे मोर्चा आहे तिथे?"

इद्रिसने गाडीचा वेग तेवढा कमी केला.

"थांबव गाडी."

गाडी थांबली. सुचित्राबाई दार उघडून उतरल्या, दहा पावलं चालल्या आणि गुडघा सांभाळत वाळूत बसल्या. पदर डोक्यावरून घेतला.

"आजी! पप्पा मला मारून टाकतील!"

"तू गाडीत बस, बाळ. एसी आहे."

मैत्रेयी बसली नाही. ती आली आणि आजीशेजारी मांडी घालून बसली. "नॉट मूव्हिंग आल्सो," ती इद्रिसला म्हणाली.

इद्रिसने कपाळाला हात लावला. त्याने विनवलं, उन्हाची भीती घातली, आपली नोकरी जाईल म्हणून सांगितलं. नोकरीचं ऐकून सुचित्राबाई जराशा चलबिचल झाल्या. "तुझ्या साहेबाला मी लिहून देईन, की म्हातारी ऐकेना," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.

शेवटी तोच समोर उकिडवा बसला. "केर्मात असं आहे तरी काय? सोनं तर इंग्रज कधीच घेऊन गेले."

सुचित्राबाईंनी वाळूवर हात फिरवून ती सपाट केली आणि बोटाने मधोमध उभी रेघ मारली. मग उजवीकडे एक पेला काढला, कमळासारखा वर उमलत गेलेला. डावीकडची बाजू रिकामी ठेवली.

"हे अर्धंच का?"

"ही बाहेरची बाजू. सगळ्या जगाने पाहिलेली. ही आतली. ती बघितल्याशिवाय मला काढता येत नाही. बेचाळीस वर्षं हा कागद असा अर्धा पडलाय."

इद्रिस त्या रिकाम्या वाळूकडे बघत राहिला. "लोक येतात, पिरॅमिडपाशी फोटो काढून घेतात," तो म्हणाला. "आमच्या मडक्यांसाठी भांडणारी तुम्हीच पहिली." मग त्याने उठून गाडीभोवती एक फेरी मारली, चारही धडधाकट टायर नीट बघितले, आणि कंपनीला फोन लावून सांगितलं, "टायर गेलाय." फोन बंद करून खिशात टाकला.

"बदलायला किती वेळ लागेल?" मैत्रेयीने विचारलं.

"केर्मा बघून होईपर्यंत."

केर्माच्या म्युझियममधली मडकी काचेआडच होती. सुचित्राबाई तिथे थांबल्याच नाहीत. गावाबाहेर पूर्वेला चार हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे, तिथे इद्रिसने गाडी नेली. जमिनीवर जिकडेतिकडे खापरं विखुरलेली, चुरमुऱ्यांचं पोतं फुटावं तशी. राखणदार म्हातारा होता. इद्रिस त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलला. "उचला, बघा, होतं तिथे ठेवा," म्हातारा म्हणाला. "न्यायचं नाही."

"नेणार नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. त्यांना नियम शिकवायची गरज नव्हती.

काळ्या काठाचा, तांबड्या पोटाचा एक तुकडा त्यांनी उचलला. काळ्या-तांबड्याच्या मध्ये राखी रंगाचा पट्टा. अंड्याच्या कवचासारखं पातळ. उजवा डोळा मिटून त्यांनी तो उन्हाकडे तिरपा धरला आणि आतून अंगठा फिरवला.

पुन्हा फिरवला. मग आणखी वीस-पंचवीस तुकडे उचलून प्रत्येकाच्या आतून अंगठा फिरवला.

विदर्भातल्या मडक्यांना आतून बारीक गोल रेघा असत. चाकावर मडकं फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठलेल्या. इथे तसली एकही रेघ नव्हती. हे चाकावरचं कामच नव्हतं. हे कुणीतरी नुसत्या हातांनी, थोपटत थोपटत, इतकं पातळ केलं होतं.

"मिळालं, अम्मा?" इद्रिसने विचारलं.

"मिळालं. संबंध नाही."

"म्हणजे काम फुकट गेलं?"

"फुकट? अरे, आमचे सर चुकले होते!" त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की राखणदारही हसला. "मडकं राखेत पालथं घालून भाजलं की कुठेही काठ काळाच होणार. रंग राखेचा. हात वेगळे, माणसं वेगळी. तुमच्या लोकांनी हे कुणाकडून घेतलं नाही आणि आम्हीही तुमच्याकडून घेतलं नाही."

दोन तास त्या तिथे बसून चित्र काढत होत्या. मैत्रेयीने छत्री धरली, वाऱ्याने दोनदा ती उलटी केली. जाडी मोजली, काठाचा व्यास मोजला, रेघेच्या डावीकडची बाजू भरली. चित्राखाली आजवर त्यांनी फक्त क्रमांक घातला होता. या वेळी त्यांनी तीन ओळींत आपलं मत लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली, सुचित्रा दाबके. तुकडे एकेक करून जिथले तिथे ठेवले. मगच मुलाला फोन केला.

"काम झालं, शैलू. आता नेशील तिकडे येते."

पुढचं थोडक्यात सांगायचं तर असं. चंद्रशेखर सर २००९ सालीच वारले होते, त्यामुळे त्यांना कळवायचं राहिलं. इद्रिसची नोकरी त्या टायरपायी गेली नाही, ती एप्रिलात लढाईने नेली. बायकामुलांना घेऊन तो इजिप्तच्या हद्दीवर नऊ दिवस ताटकळला आणि मग आस्वानला पोहोचला. तिथे तो दुसऱ्याची टॅक्सी चालवतो आणि ईदला मैत्रेयीला आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. राखणदाराचं काय झालं ते कळलं नाही. शैलेंद्र अजून त्याच बँकेत आहे. आईने नाइलकाठी काय केलं ते तो आता पार्टीत स्वतःच सांगतो, मात्र आपण केलेला फोन गाळून. मधुवंती पुढच्या वर्षी एकटीच महिनाभर बहिणीकडे मेलबर्नला जाऊन आली. मैत्रेयी वाळवंटाच्या नादी लागली वगैरे काही नाही. ती ऑडिटच्या कामात आहे आणि तिला ते आवडतं.

सुचित्राबाईंना आता बारीक रेघ दिसत नाही. त्यांचा लेख चित्रासकट पुण्याच्या एका त्रैमासिकात आला, त्यांच्या एकट्यांच्या नावाने. त्यावर नागपूरच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं, की एवढ्याशा पुराव्यावर असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. सुचित्राबाईंनी मधुवंतीला समोर बसवून चार पानी उत्तर सांगितलं. प्राध्यापकांनी पुन्हा लिहिलं, बाईंनी पुन्हा उत्तर दिलं. तो वाद अजून चालू आहे, आणि त्यात माघार घ्यायचा त्यांचा मुळीच विचार नाही.