फायलीतली पिवळी चिठ्ठी

"तू येजो बरं पोरी, नक्की. सोमवारी साडेदहाले. झेरॉक्सचे दोन सेट आणजो."

"काकाजी, खरंच चान्स हाये का? नाई त दुकानातून सुट्टी काऊन घेऊ?" देवळीहून अस्मिता झाडे फोनवर विचारत होती.

"हाये ना. फर्स्ट क्लास एमबीए हायेस तू. प्रयत्न त करून पाह्य."

नरहर भोयर यांनी फोन ठेवला आणि यादीतल्या तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. चान्स अजिबात नव्हता, हे त्यांच्याइतकं पक्कं अख्ख्या वर्धेत कुणाला ठाऊक नव्हतं.

या गावात कॉलेजं उदंड. मॅनेजमेंटची पदवी घेऊन दरवर्षी बाहेर पडणारी पोरंही उदंड. मॅनेजर म्हणून बसावं अशा खुर्च्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या रिकाम्या होण्याआधीच भरलेल्या असत. अस्मिता देवळीच्या स्टँडजवळ मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकत होती. पण मुलाखत कायदेशीर ठरायला किमान तीन उमेदवार हजर लागत. एक घ्यायचा, दोन कोरमचे. ते दोन जमवण्यात नरहरबाबूंचा हात धरणारा कुणी नव्हता.

कोरमवाल्यांच्या फायलीत ते एक पिवळी चिठ्ठी लावत. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात तीन प्रश्न: आपला परिचय द्या, आपले छंद कोणते, वर्धा जिल्ह्याचे वैशिष्ट्य सांगा. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चिठ्ठी पाहिली की ते काय समजायचं ते समजत. पाच मिनिटांत उमेदवार खूश होऊन बाहेर. ही युक्ती नरहरबाबूंचीच, आणि तिचा त्यांना आजवर थोडा अभिमानच होता.

या वेळी तर पद प्रशासकीय अधिकाऱ्याचं होतं आणि घ्यायचा उमेदवार खुद्द नरहर भोयर. कॉलेजात सव्वीस वर्षं बाबूगिरी, त्यातली आठ वर्षं अधिकाऱ्याचंच काम, फक्त 'प्रभारी' म्हणून. संस्थेचे सचिव सदाशिवराव म्हणाले होते, "एमबीए करून टाका नरहरजी, खुर्ची तुमचीच हाये." म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी दूरशिक्षणाच्या रविवारच्या केंद्रात पोराच्या वयाच्या पोरांशेजारी बसून एमबीए केलं. एक पेपर दोनदा दिला. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी पिपरी मेघेच्या गल्लीत खुर्चीची बातमी कधीच फोडली होती.

कोरमला एक अस्मिता झाली. दुसऱ्याची सोय सदाशिवरावांनीच केली. "नागपूरचा एक पोरगा हाये, आमचा भाचेजावई, साकेत. येईन बिचारा कोरमपुरता." नरहरबाबूंनी शनिवारीच दोघांच्या फायलींना चिठ्ठ्या लावल्या आणि तिन्ही फायली सचिवांच्या टेबलावर ठेवल्या.

सोमवारी साकेत कारने आला. नरहरबाबूंनी त्याला स्वतः चहा दिला आणि वरून धीरही दिला, "निकालाचं मनावर घेऊ नका, साहेब. अनुभव येते." साकेत नुसता हसला. ते हसणं नरहरबाबूंना नम्रपणाचं वाटलं!

पहिली अस्मिता आत गेली आणि सात मिनिटांत उजळल्या चेहऱ्याने बाहेर आली.

"काकाजी, सोप्पे प्रश्न होते! छंद विचारले. वर्धेचं त मी इतकं सांगितलं का साहेब मान हलवून राह्यले होते."

नरहरबाबू "बरं झालं, बरं झालं" म्हणाले आणि तिच्याकडे न पाहता आत शिरले.

खुर्ची ओळखीची, खोली ओळखीची. टेबलामागे अध्यक्ष, दोन तज्ज्ञ आणि कडेला सदाशिवराव. तज्ज्ञांनी फाईल उघडली, तर वरच्याच पानावर पिवळी चिठ्ठी. उलटी दिसत असली तरी स्वतःचं अक्षर माणसाला वाचता येतं. साकेतच्या फायलीतून काढून ती इथे लावली होती. टाचणीची जुनी भोकंसुद्धा तशीच होती.

त्यांनी सदाशिवरावांकडे पाहिलं. सदाशिवराव चष्मा पुसत होते.

"आपला परिचय द्या," तज्ज्ञ म्हणाले.

नरहरबाबूंनी परिचय दिला.

"छंद?"

सव्वीस वर्षांत छंदाला वेळ कुठे मिळाला होता? "वाचन," ते म्हणाले. सगळेच कोरमवाले हेच उत्तर देत. जिल्ह्याचं वैशिष्ट्यही त्यांनी सांगितलं, नीट, न अडखळता. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्यांना त्या पाच मिनिटांत कळलं, आणि तो केस आपणच हाती दिला होता हेही कळलं. त्याचाच संताप जास्त होता.

ते बाहेर आले. साकेत आत गेला तो पाऊण तास आतच.

अस्मिता बाकावर वाट पाहत होती. "काकाजी, निकाल आजच लागते का?"

खोटं तोंडाशी आलं होतं, सवयीचं. ते त्यांनी गिळलं.

"निकाल आधीच लागला हाये, पोरी. त्याले घेणार हायेत. तीन उमेदवार लागतात, म्हणून तुले बोलावलं."

"आन् तिसरं कोण मग?"

"मी."

पोरगी हुशार होती.

"पण फोन केला तवा तुमाले हे माहीत नव्हतं. म्हणजे तुमच्या नोकरीसाठी बोलावलं होतं मले."

तिने फाईल पिशवीत घातली. "दुकानाची सुट्टी गेली माह्यी," एवढंच म्हणाली, आणि 'येते' न म्हणताच जिना उतरली.

"बाबूजी," शिपाई बंडूजी दारातून म्हणाले, "साहेब बोलावून राह्यले. अहवाल लिहाचा हाये."

आत सदाशिवराव एकटेच होते. "रागावू नका, नरहरजी. तुमच्याबिना कॉलेज चालते काय? साकेतले सगळं काम तुमालेच शिकवा लागन. आन् अहवालात नेहमीचंच लिहा, बाकी दोघं असमाधानकारक."

"तुमच्या तोंडून आधीच ऐकलं असतं, त मी त्या पोरीले तरी बोलावलं नसतं," नरहरबाबू म्हणाले. सदाशिवरावांनी पुन्हा चष्मा काढला.

नरहरबाबूंनी अहवालाचं रजिस्टर ओढलं. साकेतचं नाव, पुढे 'निवड'. खाली लिहिलं: अस्मिता नत्थूजी झाडे. 'असमाधानकारक' हा शब्द त्यांनी या रजिस्टरात आजवर कितीतरी नावांपुढे लिहिला होता. आज तो लिहिला नाही. 'सर्व प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली,' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

मग स्वतःचं नाव लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवला.

'हजर,' त्यांनी लिहिलं, आणि रजिस्टर सचिवांपुढे सहीला सरकवलं.