नांदूरला पाणी चढले

श्यामलाबाईंनी नवऱ्याला एकच सकाळ देऊ केली होती. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गोविंदरावांना नाशिकभोवतीचे पक्षी पाहण्याचा छंद लागला होता, आणि त्यात पत्नीची सोबत असावी असे त्यांना फार वाटे. "एकदा येते," बाई म्हणाल्या होत्या. "नाही रमले, तर पुन्हा विचारायचे नाही."

अशा अटीवर मिळालेली सकाळ वाया जाऊ नये म्हणून गोविंदरावांनी वर्षभराचा तक्ता मांडला. ऋतू आडवे, अधिवास उभे. पावसाळ्याच्या तोंडाशी हरसूलच्या जंगलात नवरंग दिसतो. पण तिथली वाट निसरडी आणि बाईंचा गुडघा नाजूक. हिवाळ्यात ममदापूरच्या माळावर शिकारी भोवत्या घिरट्या घालतात. पण इतक्या दुरून, की नवख्या माणसाला त्या घारीच वाटाव्यात. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडे होती. "गिधाडांसाठी मी पहाटे उठणार नाही," हा निकाल स्वयंपाकघरातून आला. उरला निफाडकडचा नांदूरमधमेश्वरचा जलाशय. जानेवारीत तिथले पाणी ओसरते, काठाचा चिखल उघडा पडतो आणि उत्तरेकडून आलेले पक्षी त्यात चोची खुपसत हिंडतात. तीन वर्षांच्या नोंदी ताडून त्यांनी तिसरा रविवार नक्की केला.

त्या रविवारी सात वाजता दोघे काठावर उभे राहिले, तेव्हा पाणी गवताला लागले होते. चिखल नव्हता. दूर मध्यभागी काही काळे ठिपके डुलत होते.

"हे काय आहे?" बाईंनी विचारले.

"वारकरी बदके असावीत."

"असावीत?"

वाट दाखवायला आलेला गोरक्ष हा तिथलाच शेतकरी. तो म्हणाला, "काका, परवा आवर्तन सुटलं ना. वरच्या धरणाचं पाणी आलं. चिखल गेला बुडून, पक्षी गेलं उडून."

"पण तीन वर्षे आवर्तन महिनाअखेरीस सुटले आहे!" गोविंदरावांनी घडी केलेला तक्ता उघडला. "हे पाहा. ऋतू, अधिवास, तारीख."

गोरक्षने तक्ता मन लावून पाहिला. "समदं बरोबर हाय. फक्त पाटबंधारेवाल्यांना कुठं बसवलं नाय."

श्यामलाबाई खळखळून हसल्या. गोविंदरावांना ते हसू आवडलेही आणि लागलेही. निरीक्षण मनोऱ्यावरून कदाचित काही दिसेल, असे ते म्हणू लागले.

"मनोऱ्यावरून पाणीच दिसंल," गोरक्ष म्हणाला. "माझ्या वावरात चला. कांद्याची लागवड चालू हाय, वाफे भरलेत."

"शेत म्हणजे पाणथळ नव्हे," गोविंदराव म्हणाले. परंतु बाई चालू लागल्या होत्या.

वावरात पाण्याने चिंब वाफ्यांतून आठ-दहा बाया वाकून रोपे लावत होत्या. काठाचा चिखल बुडवणाऱ्या त्याच पाण्याने इथे नवा चिखल केला होता. वाकड्या चोचीच्या शराट्या बांधावरून चालत होत्या, तुताऱ्या नावाचे छोटे पाणपक्षी पावलापावलाला शेपूट हलवत होते. आणि भागीबाई नावाच्या म्हाताऱ्या मजुरणीच्या मागे, हातभर अंतरावर, एक पिवळा धोबी पक्षी तिने उठवलेले किडे टिपत येत होता.

"बाई, हलू नका," भागीबाई मान वर न करता म्हणाली. "माझ्याकडंच येतो तो. सकाळपासून पाठ सोडीना. नवऱ्यानं इतकी सोबत केली नाय कधी."

श्यामलाबाई बांधावर बसल्या. दुर्बीण त्यांनी मागितलीच नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला. गोविंदरावांच्या ओठांवर धोब्याच्या स्थलांतराचे संपूर्ण विवेचन तयार होते.

"बसा हो," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची सावली पडते त्याच्यावर."

ते बसले. विवेचन राहून गेले. धोबी दोघांच्या पायांपाशी येऊन पुन्हा वाफ्यात उतरला, तेव्हा बाईंनी त्यांच्या मनगटावर नकळत हात ठेवला.

परतताना श्यामलाबाईंनी भागीबाईला विचारले, "पुढची लागवड कधी?"

"पलीकडच्या वावरात. बारा दिवसांनी."

"मग आम्ही येतो."

"या की. रोपं धरायला माणूस पाहिजेच."

"सकाळी किती वाजता?" गोविंदरावांनी विचारले. तो शुक्रवार येतो, हे त्यांनी तोवर बोटांवर मोजले होते.