एकनाथ वायरमनच्या घरचे दिवे

निर्मळ गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग एकनाथने केली होती. कुणाच्या घरी पहिला पंखा फिरला, कुणाच्या गोठ्यात पहिला बल्ब लागला, हे त्याला त्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ होतं. आणि आता त्याच एकनाथच्या घरातली बटणं उपटायला कंपनीचा माणूस आला होता. मुलाने, सुजयने, बापाच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला घरभर काचेचे स्मार्ट पॅनल भेट दिले होते. न मागता दिलेल्या भेटीला नाही म्हणायची सोय नसते, हा आपल्याकडचा जुना जुलूम.

"बाबा, बोट नुसतं टेकवायचं," सुजय कौतुकाने सांगत होता. "लाईट कमीजास्त होतो. आणि मला विरारहून मोबाईलवर सगळं दिसतं."

हे शेवटचं एकनाथला मुळीच नको होतं.

कारण एकनाथला दिसत नव्हतं. काचबिंदूने उजवा डोळा केव्हाच खाल्ला होता. डाव्यात दिवसा थोडं धुरकट काहीतरी हलायचं आणि दिवस कलला की तेवढंही जायचं. हे माहीत होतं फक्त शेजारच्या ग्लोरियाला. तीच त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे न्यायची, थेंब आणून द्यायची आणि दर वेळी बजावायची, "काका, पोराला सांगून टाका. मला हे पाप नको."

पण सांगणार कसं? गेल्या वर्षी तो वाडीतल्या पाटाजवळ घसरून पडला, तेव्हा सुजयने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "यापुढे एक जरी गडबड झाली ना, मी तुमचं काही ऐकणार नाही. उचलून घरी नेणार." घरी म्हणजे विरारच्या चौदाव्या मजल्यावर. तिथे एकनाथ दोनदा राहून आला होता. सून राधिका जीव लावायची, वेळेवर चहा द्यायची आणि दिवसभर त्याला सोफ्यावरून उठू द्यायची नाही. इथे निदान केळीच्या पानांची सळसळ ऐकून तो वाडीच्या टोकापर्यंत जाऊन येत होता. या घरात त्याचे पाय, हात, बोटं सगळं ओळखत होती. त्याला इथेच मरायचं होतं, आणि त्यासाठी त्याला डोळस असल्याचं सोंग वठवावं लागत होतं.

सोंगाचा सगळा भार होता त्या जुन्या बोर्डांवर. त्याने स्वतः लावलेले. डावीकडून तिसरं बटण व्हरांड्याचं, चौथं अंगणाचं. खाली असेल तर चालू, वर असेल तर बंद. बोटाला विचारलं की बोट सांगायचं. वर ट्यूबच्या चोकची गुणगुण असायचीच. रोज संध्याकाळी सातला तो बाहेरच्या खोलीचे, व्हरांड्याचे, अंगणाचे दिवे लावायचा आणि आईने लावलेल्या सवयीप्रमाणे दिव्याला हात जोडायचा. मग आळीतून जाणारा म्हणायचा, एकनाथचं बरं चाललंय. पुढे रात्र त्याच्यासाठी काळीच असायची, पण ती फक्त त्याला ठाऊक होती.

कंपनीच्या माणसाचं नाव शत्रुघ्न. पोरगा आदबशीर होता. पहिला बोर्ड उघडून तो थबकलाच.

"काका, ही वायरिंग कुणी केली?"

"का? काय झालं?"

"अहो, प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची जादा वायर ओढलीय! या पॅनलला न्यूट्रल लागतोच. जुन्या घरांत नसतो, मग भिंती फोडायला लागतात. इथे दोन तासांत काम होईल."

तीस वर्षांपूर्वी सगळे एकनाथला हसले होते, दिव्याच्या बटणाला न्यूट्रल कशाला, वायर जास्त झालीय का म्हणून. त्याने ऐकलं नव्हतं. काम करायचं तर पुरतं, असा त्याचा खाक्या. त्या पुरत्या कामाने आज त्याचाच घात केला. भिंत फोडायची वेळ आली असती तर त्याने धुळीचं, खर्चाचं, कशाचंही कारण काढून दोन-चार महिने तरी ढकलले असते. शत्रुघ्नने जुनी बटणं पिशवीत भरली तेव्हा एकनाथला इतका राग आला की तो पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि तिथेच उभा राहिला.

काच ती काच. सपाट, गार, गुळगुळीत. चाचपायला बोट फिरवावं तर फिरवता फिरवता दिवा लागायचा, विझायचा, मंद व्हायचा. टेकवलं की पीं वाजायचं, लावतानाही पीं आणि विझवतानाही पीं. चोक गेले, गुणगुण गेली. नवे दिवे मुके. चालू आहे की बंद, हे बोटाला न सांगणाऱ्या बटणाला बटण म्हणणाऱ्याच्या अकलेची एकनाथला कीव आली.

पण तो वायरमन होता, हार मानणारा नव्हता. शत्रुघ्नने जाताना सांगितलं होतं की उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात सगळे दिवे एकदम लावायचं-विझवायचं बटण आहे. एकनाथने त्या जागेवर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका चिकटवला. सातला ठिपका दाबायचा, दहाला परत दाबायचा. हिशेब सोपा होता. पहिले दोन दिवस तो धडपडला, चुकला, पण तिसऱ्या दिवसापासून त्याला जमलं असं वाटलं.

त्याच रात्री सुजयचा फोन आला. "बाबा, परवा आणि काल घरात दिवेच लागले नाहीत. मला दिसतंय इथे."

"अरे, विसरलो. नवीन आहे ना."

"बरं. तुम्ही नका त्रास घेऊ. आता मी बघतो."

'मी बघतो' म्हणजे पोरं धीर द्यायला म्हणतात तसं काही, असं एकनाथला वाटलं. सुजयने मात्र खरंच बघितलं. विरारला सोफ्यावर बसून त्याने मोबाईलमध्ये वेळ लावून टाकली: रोज पावणेसातला निर्मळच्या घरचे सगळे दिवे आपोआप लागतील. आणि कामाच्या गडबडीत बापाला सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला घर उजळलं. मुक्या दिव्यांनी आवाज केला नाही. बरोबर सातला एकनाथ भिंतीशी आला, ठिपका शोधला, दाबला. पीं. घर अंधारात बुडालं. त्या अंधाराला त्याने भक्तिभावाने हात जोडले आणि तो समाधानाने खुर्चीत जाऊन बसला.

असं पाच दिवस चाललं. ग्लोरिया असती तर तिने कुंपणावरून हाक मारली असती, पण ती बहिणीकडे, इनेझकडे, सांडोरला लग्नघरात गुंतली होती. रोज दहाला एकनाथ झोपायला जाताना ठिपका दाबायचा आणि घर रात्रभर लखलखत राहायचं. आळीतल्यांना वाटलं, सुजयच्या मोबाईलचे खेळ असतील. मोठ्या घरच्या मोठ्या तऱ्हा म्हणून कुणी विचारलं नाही. सुजयने मात्र मोबाईलवर पाचही दिवसांची नोंद पाहिली. या वेळी त्याने फोन केला नाही.

सहाव्या दिवशी सव्वासातला फाटक वाजलं. सुजयच्या बुटांचा आवाज एकनाथने लगेच ओळखला. या वेळेला हा कसा? टीपॉयवर पेपर होता. एकनाथने चष्मा चढवला, पेपर उघडून समोर धरला आणि पाऊल उंबऱ्यावर पडल्यावर मान वर केली.

"ये, ये. पेपर वाचत बसलो होतो. ते वसईच्या पाण्याचं परत काहीतरी आलंय बघ."

सुजय उंबऱ्यावरच थांबला. त्याच्या हातात मोबाईलची बत्ती होती आणि तिच्या उजेडात, काळोख्या खोलीत, त्याचा बाप उलटा पेपर वाचत होता.

"बाबा," तो म्हणाला, "दिवे बंद आहेत."

 मग पन्नास वर्षं मुरलेला एकनाथमधला वायरमन मदतीला धावून आला.

"लाईट गेली असेल. आत्ताच गेली बघ."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. दोघांनीही तो ऐकला.

सुजय भिंतीकडे गेला. पीं वाजलं. त्यानंतर त्याने नाक ओढल्याचा आवाज आला आणि पोरगं रडतंय हे एकनाथला कळलं. त्याने पेपरची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला. आता कुणासाठी लावायचा?

"लागले का रे?" त्याने विचारलं.

"लागले, बाबा."

"मग बंद कर," एकनाथ म्हणाला, "आणि कपाटातली निळी बॅग काढ, विरारला न्यायची. वरच्या कप्प्यात आहे. मी सांगतो कुठे काय आहे ते."