सॅम्पल फ्लॅटमधला आखूड पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे आणि मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. पण पलंगाला छाती नसते, हात नसतात आणि बोलताही येत नाही. त्यामुळे तोंड न उघडता जेवढं खोटं पसरवता येतं, तेवढंच माझ्या वाट्याला आलं. ते पुष्कळ झालं.

माझा जन्म एका फर्निचरच्या कारखान्यात झाला. लाकूड चांगलं होतं, पॉलिश उत्तम होतं, डोक्याकडची फळी तर एखाद्या संस्थानिकाला शोभेल अशी होती. फक्त सुताराने कागदावरचं माप वाचलं आणि तो थांबला.

"बाई, लहान मुलाचा आहे का हा?" त्याने सजावटीचं काम पाहणाऱ्या बाईंना विचारलं.

"नाही हो, मोठ्यांचाच. फक्त आखूड."

"मग मोठ्या माणसाने पाय कुठे ठेवायचे?"

"त्यावर कोणी झोपणार नाहीये. तो नुसता दिसायला हवाय." मग त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. पलंग मोठा दिसला की खोली लहान दिसते. खोली वाढवायची तर भिंत पाडावी लागते. पलंग कमी करायला करवत पुरते.

या युक्तिवादात खोट काढायला जागाच नव्हती. सुताराने मला पाच फुटांत आटोपलं.

समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीतल्या घरांची एक नवी इमारत उभी राहत होती. तिच्या चौथ्या मजल्यावर, गिऱ्हाइकांना दाखवायच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, माझी नेमणूक झाली. खोलीचं नाव होतं 'मुलांची खोली'. तिथे माझे भाऊबंद आधीच येऊन बसले होते. एक अभ्यासाचं टेबल होतं, त्यावर एका वेळी एक तर वही मावे किंवा कोपर. एक कपाट होतं, त्यात शर्ट तिरका टांगावा लागे. फळीवरच्या पुस्तकांना फक्त पाठी होत्या, पोटं नव्हती. खोलीला दारही नव्हतं. सगळ्या खोल्यांची दारं बिजागऱ्यांसकट काढून खाली गोदामात ठेवली होती, कारण दार उघडमीट केलं की माणसाला जागेचा अंदाज येतो, आणि तो येऊ द्यायचा नव्हता.

लोक येत, उंबऱ्यात थांबत आणि म्हणत, "बाई, केवढी ऐसपैस खोली आहे." मी समोरच्या आरशात स्वतःकडे पाहत असे आणि मान खाली घालता येत नाही म्हणून तसाच उभा राहत असे. मित्रांनो, शेजारच्याच्या पेपरात बघून तुम्ही कधी पहिला नंबर काढला असेल आणि गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर तुमची पाठ थोपटली असेल, तर मला काय वाटे ते तुम्हाला सांगायला नको. माझी पाठ रोज थोपटली जाई.

मग एके दिवशी दुपारी ते चौघे आले. आई, बाबा, सोळा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा. मुलगी चांगली उंच होती. पण ते लपवण्यासाठी ती खांदे पुढे पाडून, मान आत ओढून चाले. जणू सगळ्या जगाची छतं तिच्यासाठीच खाली आणली होती. भाऊ तिला 'शिडी' म्हणे. ती त्याला 'पावशेर' म्हणे, आणि त्याची प्रकृती पाहता ते वजन जरा वाढवूनच सांगितलेलं होतं.

त्यांना सगळं दाखवायला विक्री विभागाचे साहेब होते. त्या दमट हवेतही ते टाय बांधत.

"समुद्र बघा सर," टायवाले बाल्कनीतून म्हणाले.

बाबांनी समुद्र पाहिला. तो ठीक वाटला.

"हे बघा," आई म्हणाली, "मुलं आता आमच्याबरोबर कुठेही यायला नाही म्हणतात. गेल्या सुट्टीत हॉटेलात चौघं एका खोलीत होतो, तर ही सगळे दिवस बाथरूममध्ये पुस्तक घेऊन बसली. स्वतःचं घर असलं तर येतील. आमचं ठरलंय, हिला हिची वेगळी खोली मिळाली तरच घ्यायचं."

"आणि मी सोफ्यावर," पावशेर म्हणाला. "माझं काहीच ठरलेलं नाही."

"तुला सोफासुद्धा मोठा पडतो," शिडी म्हणाली आणि माझ्या खोलीत आली.

ती मधोमध उभी राहिली. खिडकीतून नारळाचं एक झाड आत डोकावत होतं. जन्मापासून ती भावाबरोबर एका खोलीत राहिली होती. अर्धं कपाट त्याचं, अर्धी खिडकी त्याची, आणि रात्रभर ऐकू येणारं घोरणं पूर्ण त्याचं. तिने एकदा गोल फिरून पाहिलं. खांदे थोडे वर आले.

"आई, हेच घेऊ या," ती म्हणाली. "मी दर सुट्टीत येईन. खरंच येईन."

आईचे डोळे भरून आले. बाबा टायवाल्यांना काहीतरी विचारू लागले. आणि तेवढ्यात, मित्रांनो, ती पोरगी आनंदाच्या भरात माझ्यावर आडवी झाली.

माझ्यावर तोवर कोणी झोपलंच नव्हतं. ती थेट उशीवर डोकं टेकून पसरली आणि तिचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर आले. एखाद्या दुकानाच्या फळीवरून वल्ही बाहेर यावीत तसे ते हवेत राहिले. तिने ते पाहिले. मग भावाकडे पाहिलं, तो काय म्हणतो या भीतीने.

टायवाले लगबगीने पुढे आले. "ते काय आहे, मॅडमची उंची जरा जास्त आहे. पलंग स्टँडर्ड साइजच आहे, सर."

स्टँडर्ड. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण आम्ही चौथ्या मजल्यावर होतो आणि धरणी बरीच खाली होती.

मुलगी उठली. तिने माझ्यावरची चादर हाताने सारखी केली. एवढ्या काळात माझी चादर प्रेमाने सारखी करणारी ती पहिली. "नको मला ही खोली," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पावशेरला द्या. तो मावेल. मी कुठेच मावत नाही." खांदे पुन्हा खाली गेले, आधीपेक्षा जास्तच.

"अगं, पलंग काय, दुसरा आणू," बाबा म्हणाले.

"शाळेत बाकं दुसरी आणली का माझ्यासाठी? मागे बसवलं."

खोली आपल्याला मिळाली हे फक्त पावशेरच्या ध्यानात आलं होतं. त्याने चपला भिरकावल्या आणि ताबा घेण्यासाठी माझ्यावर उडी मारली. उशीला डोकं लावलं, पाय ताणले. त्याच्या टाचा काठाच्या बाहेर गेल्या.

त्याने त्या हलवून पाहिल्या. त्याच्याच होत्या.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "मी वाढलो."

उंची वाढावी म्हणून तो रोज शाळेच्या मैदानात लोखंडी दांड्याला लोंबकळायचा, हे मला नंतर त्या दोघांच्या भांडणावरून कळलं. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते बघून मला दुसऱ्यांदा लाज वाटली. एका पोरीला मी जास्त ठरवलं होतं आणि आता एका पोराला फुकट पुरेसा ठरवत होतो.

आई मात्र त्याच्या टाचांकडे बघत राहिली. "ऊठ," ती म्हणाली. मग पर्स पोटावर घेऊन ती स्वतः आडवी झाली. तिच्या टाचा नेमक्या काठावर आल्या.

"मी घरात सगळ्यात बुटकी," ती छताकडे बघत म्हणाली. "वरचा डबा काढायला मला स्टूल लागतं. साहेब, आता तुम्ही झोपा."

"मॅडम, मी ड्यूटीवर आहे."

"झोपा हो. आम्ही कोणाला सांगत नाही."

टायवाल्यांनी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ते टाय सरळ करून माझ्यावर झोपले आणि तो अंगठा, मोजा आणि अर्धी पोटरी माझ्या बाहेर गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला ते पहिल्यांदाच आपले वाटले.

"म्हणजे मी नाही वाढलो?" पावशेरने विचारलं.

शिडीला हसू आलं. ते तिने आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग ती पुढे आली आणि जमिनीवर, माझ्या शेजारी, सरळ लांब झाली. "मी पाच फूट नऊ इंच आहे," ती म्हणाली. घरच्यांनी हा आकडा तिच्या तोंडून कधी ऐकला नसावा, कारण बाबांनी तो लगेच कागदावर लिहून घेतला. "खरा पलंग माझ्यापेक्षा थोडा मोठा असतो. बघा आता, किती जागा उरते."

"दार कुठंय पण?" आईने विचारलं.

"दार नंतर येतं, मॅडम," टायवाले झोपूनच म्हणाले.

"मी दार," पावशेर म्हणाला. चौकटीला पाठ लावून तो हात पसरून आत फिरला आणि ताईच्या डोक्याला धडकला.

"लागलं ना, गाढवा."

"बघ, पलंग ठेवला तर दार उघडत नाही. खोली पाहिजे की दार, ते ठरव."

मग ती सगळ्या खोल्यांत झोपली. बैठकीत, स्वयंपाकघरात, बाल्कनीत. बाबा तिच्या मागे कागद घेऊन फिरत होते. "इथे एक तू आणि वर एक हात," असं ते लिहून घेत. बाल्कनीत तर तिला पाय दुमडावे लागले आणि ती म्हणाली, "ही बाल्कनी नाही, मोरी आहे." जाताना ती ताठ चालत होती. चौकटीच्या वरच्या पट्टीवर तिने जाता जाता बोटं टेकवली.

मी आरशासमोर तसाच राहिलो. दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती मखमली दोरी लावण्यात आली.

पुढे सॅम्पल फ्लॅटही विकला गेला आणि मला खाली रखवालदाराच्या खोलीत टाकलं. त्याने माझ्या पायथ्याशी प्लॅस्टिकचं एक स्टूल जोडलं. माझ्या आयुष्यातली ही एकमेव प्रामाणिक दुरुस्ती. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझं पॉलिश उडालं आहे, संस्थानिकाच्या फळीवर आता ओला टॉवेल वाळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, एक विनंती मात्र आहे. फर्निचर जपून वापरा, हे तर सगळेच पलंग सांगतात. मी सांगतो, त्यावर झोपून बघा. कोणी तुम्हाला सांगितलं की वस्तू बरोबर आहे आणि तुम्हीच जास्त आहात, तर रडण्याआधी वस्तू मोजा. मी इथेच खाली आहे, हवं तर आधी मला मोजा. मला सवय झाली आहे.

त्या कुटुंबाने शेवटी त्याच इमारतीत फ्लॅट घेतला. मुलीने अट घालून खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घेतलं, आणि तिच्या मापाचा पलंगही आणला. पण एसी फक्त हॉलमध्ये आहे, त्यामुळे चौघंही हॉलमध्ये जमिनीवर झोपतात.