फाळ विझवलेलं पाणी

लोखंड तुम्ही नेमकं चुकीच्या वेळी पाठवलंत. उन्हाळाभर पोरं पांढरीफटक होऊन हिंडत होती, तेव्हा तुमच्या गोदामाला कुलूप. श्रावणात पाड्यापाड्यात ताप शिरला, पेपरात चार ओळी छापून आल्या, तेव्हा तुमची जीप घाट चढून आली आणि हुकूम सुटला: लोखंडाचं लाल औषध प्रत्येक पोराच्या घशाखाली गेलंच पाहिजे. पोराला ताप आहे की नाही हे बघायचं हुकमात कुठंच नव्हतं. मग बघणार कोण?

तुमचं नाव घेऊन काय होणार? तुमच्या खुर्चीतला माणूस दर वर्षी बदलतो. जव्हारच्या गुलामचाचाची ऐरण मात्र तीन पिढ्या जागची हललेली नाही. गोष्ट तिथली आहे.

गुलामचाचा लोहार. दाभोशापासून जामसरपर्यंतचे विळे-कोयते त्याच्या हातून धार घेऊन जायचे. दुकानात एकच वस्तू विकाऊ नव्हती, ती म्हणजे आजोबाच्या वेळचा नांगराचा फाळ. अशक्त पोर घेऊन कुणी बाई आली की चाचा हातातलं काम टाकून उठायचा. बायको, खैरुन, भाता ओढायची. फाळ लालबुंद झाला की चाचा तो चिमट्यात धरून तांब्याच्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवायचा. चर्रर्र! पाणी निवलं की पोराला पाजायचं. लोखंड अंगी लागतं, रक्त भरतं, असं आजोबा म्हणायचा, बाप म्हणायचा, आणि चाचाही म्हणायचा. या पाण्याला त्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

दोन हजार चार सालच्या श्रावणात जामसरची गोदी आली. कडेवर तीन वर्षांची रंगू, अंग तव्यासारखं तापलेलं, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. चाचानं रिवाजाप्रमाणे पाणी पाजलं आणि म्हणाला, "आता सरळ दवाखाना गाठ. वाटेत थांबू नको."

दोनतीन दिवसांनी भर दुपारी गोदी पुन्हा दारात. रंगूच्या मनगटाला सलाईनची चिकटपट्टी तशीच.

"पळून आलीस?" खैरुन ओरडली.

"मंग काय करू, चाची? डाक्टरीन सुया मारते, पन लाल औषध देत नाय. माज्या पिशवीतली बाटलीपन काढून घेतली! पाड्यावर समद्या पोरांना मिळालं. माजीच पोर तिच्या डोळ्यात खुपली?" गोदीनं रंगूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. आत लाली नावालाही नव्हती. "रगत हाय का बघ. चाचा, तू पानी दे. मंग मी घरी जाते. भगत बघेल."

चाचानं बाहेर नजर टाकली. पाऊस कोसळत होता, ओढे भरले होते. ही पोर घेऊन जामसरला निघाली तर पोर पोचणार नाही, हे त्याला कळत होतं. पण डॉक्टरणीचाही त्याला संताप आला. रक्त नसलेल्या पोराकडून लोखंड काढून घेते म्हणजे काय? त्यानं फाळ निखाऱ्यात खुपसला.

"ओढ भाता."

"मी ओढते, पण डोकं तुझं तापलंय आधीच," खैरुन म्हणाली आणि भाता ओढू लागली.

फाळ लाल होत आला, तेवढ्यात गोदीला शोधत आलेल्या डॉक्टर विद्युल्लताबाई दारात उभ्या राहिल्या. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, गळ्यात तपासायची नळी.

"चाचा, ते पाणी हिला देऊ नका."

"का? माझ्या आजोबानं या पाण्यावर किती पोरं जगवली, ठाऊक आहे?"

"जगवली असतील. तापातली किती जगली?"

पाणी पिऊन गेलेली पोरं पुढं कशी आहेत, हे विचारायचा रिवाज नव्हता.

बाई उंबऱ्यावरच बसल्या. धाप लागली होती. "दुकानात चोर शिरले तर मालाचं काय कराल?"

"आत टाकीन. कुलूप घालीन."

"अंगही तेच करतं. जंतू शिरले की रक्तातलं लोखंड उचलून आत कोंडून ठेवतं. कारण जंतूंनाही वाढायला लोखंडच लागतं. अशा वेळी आपण वरून ओतायचं म्हणजे..."

"चोराच्या हातात कोयता द्यायचा," खैरुन भात्यामागून म्हणाली.

"तू ओढ!" चाचा खेकसला. मग बाईंकडं वळला. "चोराला लोखंड लागतं, मान्य. पण चोराशी लढणारे? त्यांना नाही लागत?"

बाईंनी मान वर केली. "लागतं ना! सगळा घोळ तिथंच आहे. रक्तात जंतू खाणाऱ्या पेशी असतात. एकेकीच्या आत बारीक बारीक भट्ट्या. लढायला उठल्या की भाता जोरात सुटतो, साखर भराभर जळते. त्या भट्ट्या लोखंडाशिवाय नीट पेटत नाहीत. जंतू मारायचं त्यांचं हत्यारसुद्धा लोखंडावर चालतं. रंगूच्या अंगात ते आधीपासून कमी. म्हणून तर ताप हिच्यावर एवढा चढून बसला."

"मंग आता दे की!" गोदी कडाडली.

"आता अंगानं आतड्याचं दारच लावून घेतलंय, गोदी. बाटली पाजलीस तरी लोखंड लढणाऱ्यांपर्यंत पोचणार नाही. पोटात पडून राहील आणि तिथल्या वाईट जंतूंचं फावेल. आधी सुयांनी चोर मारू. ताप गेला, पोर जेवायला लागली की दार उघडतं. तेव्हा मी माझ्या हातानं देईन." बाई थांबल्या. "लाल औषधानंच हिचा ताप वाढला, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण जोखीम हिच्या जिवाची आहे. ती मी घेणार नाही."

गोदी बाईंकडं बघतच नव्हती. ती चाचाकडं बघत होती. त्यानं पाणी दिलं तर ती घरी जाईल, आणि नाही दिलं तरी रागानं घरीच जाईल. रंगू तिच्या खांद्यावर कण्हत होती.

चाचानं फाळ बाहेर काढला. भांडं भरून समोर होतं. हात सवयीनं तिकडं वळला आणि मध्येच थांबला. त्यानं फाळ ऐरणीवर ठेवला. तांबडा फाळ हळूहळू काळा पडत गेला. तीन पिढ्यांत पहिल्यांदा तो पाण्याविना निवला.

मग चाचानं तो गोणपाटात गुंडाळला आणि गोदीच्या हातात दिला.

"हा तू ने. माझ्याकडं राहिला तर मी कुणालातरी देऊन बसेन. आता पहिलं पाणी रंगूचं. ताप गेला की फाळ घेऊन ये. तोवर जव्हारात कुणाला पाणी मिळणार नाही. तुझा वाटा कुणी खाल्ला, असं तू म्हणू नको."

गोदीनं गोणपाटाचं वजन हातानं जोखलं. मग बाईंना म्हणाली, "चल. पन सुई हळू मार."

दवाखान्यात तिनं तो फाळ रंगूच्या उशाखाली ठेवला, नजर लागू नये म्हणून. नर्स उचलायला गेली, तर विद्युल्लताबाई म्हणाल्या, "असू दे. उशाला चालेल, पोटात नको."

ताप उतरला. रंगूनं पहिल्यांदा भात मागितला, मग भाताबरोबर मासळी मागितली, मग नर्सच्या डब्यातलंही. वजन चढायला लागल्यावर बाईंनी कपाटातली बाटली काढली.

कार्तिकात गोदी फाळ घेऊन आली, सोबत विद्युल्लताबाई. रंगू पुढं पळत आली आणि आल्या आल्या कोळशाच्या ढिगात हात घालून तिनं तोंड रंगवलं. चाचानं फाळ विझवला. चर्रर्र! रंगू टाळ्या पिटत म्हणाली, "परत!"

"या पाण्यात लोखंड नखाएवढंही नसेल, चाचा," बाई हसून म्हणाल्या.

"नसू दे. तुमच्या बाटलीत आहे ना? दोन्ही देऊ."

तेव्हापासून चाचा पोराच्या कपाळाला आधी हात लावतो. ताप असेल तर दवाखाना. आणि धार लावायला आलेल्या प्रत्येकाला सांगतो, पोरं धडधाकट आहेत तोवर आणा, दार उघडं आहे तोवर आणा. लोकही ऐकू लागले. पौषात सूर्यमाळहून बाया पोरं घेऊन उतरल्या. चाचानं त्यांना दवाखान्यात नेलं.

कपाट रिकामं. नर्स म्हणाली, "लाल औषध वरून आलं की मिळेल." माघात तेच, फाल्गुनात तेच.

पुढच्या श्रावणात पुन्हा ताप आला आणि मागोमाग तुमची जीप आली. जीपमधले साहेब माईकवर बोलायला उठले, तेव्हा गुलामचाचा रंगूला खांद्यावर घेऊन पुढं झाला. मागं गोदी होती, सूर्यमाळच्या बाया होत्या, आणि काम सोडून आलेली खैरुन.

"साहेब, माघात ही पोर हसत होती. हिचं दार उघडं होतं. तेव्हा तुमचं लोखंड कुठं होतं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बसा, चाचा, बसा. चहा येतोय."

चाचा बसला, चिखलातच, जीपच्या पुढच्या चाकाला टेकून. त्याच्यामागं सगळ्या बाया बसल्या. रंगूनं जीपच्या दिव्यावर कोळशानं काळ्या झालेल्या पंजाचा ठसा उमटवला.

"चहा नको. जीप जाणार नाही. सांगा, कुठं होतं?"